फील्ड पोस्टिंगच्या आधी घरी काय काय उरकायचं? (फौजी घरांसाठी कामाचा धागा)

काळी_पेटी

पीसमधून (जिथे कुटुंब बरोबर राहतं) फील्डला (जिथे कुटुंब नेता येत नाही) पोस्टिंग आली की घर दुभंगतं. एक माणूस युनिटबरोबर जातो, बाकीचं घर एसएफ क्वार्टरमध्ये (सेपरेटेड फॅमिली, म्हणजे मागे राहिलेल्या कुटुंबांसाठीचं सरकारी घर) किंवा गावी. सामान कसंही हलतं हो, अडतं ते सहीपाशी. बँक, शाळा, गॅस एजन्सी, तलाठी, जिथे जावं तिथे "मिस्टरांना घेऊन या". मिस्टर जिथे असतात तिथे आठवड्यातून एकदा फोन लागला तरी नशीब. म्हणून मूव्हमेंट ऑर्डर (बदलीवर निघायचा लेखी हुकूम) हातात पडल्यापासून निघेपर्यंतच्या दिवसांत काय उरकायचं, ते एका जागी लिहून ठेवू या.

अट एकच. युनिटचं नाव, ठिकाण, निघायची तारीख, गाडी, यातलं काहीही इथे लिहायचं नाही. अनुभवाचे किस्से दुसऱ्या धाग्यावर, इथे फक्त कामाचं.

सुरुवात बँकेपासून करते. पगाराचं खातं दोघांच्या नावे करून त्यावर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असा शेरा हवा, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतं. नुसतं एटीएम कार्ड बायकोकडे दिलं की झालं, असं धरून चालू नका. ओटीपी जातो त्यांच्या सिमवर. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणजे बँकेला जोडलेला नंबर प्रीपेड असेल तर तो डोंगर चढताच मुका. शिवाय रिचार्जविना पडून राहिलेलं सिम काही महिन्यांनी बंद होतं आणि तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो, हा त्याहून मोठा घोर. निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी नंबर पोस्टपेड करून घ्या. घरखर्चासाठी बायकोच्या एकटीच्या नावे वेगळं खातं उघडा, त्याला तिचाच मोबाईल जोडा आणि पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या २ किंवा ३ तारखेला ठरावीक रक्कम आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेत देऊन ठेवा. घराचा हप्ता, विम्याचा हप्ता पगाराच्या खात्यातूनच कापला जाऊ द्या.

मुलांचे पासपोर्ट काढायचे असतील तर ॲनेक्श्चर डीवर (पालकांच्या संमतीचा फॉर्म) दोघांच्या सह्या आत्ताच घ्या. एकाच पालकाच्या सहीवर काढायला ॲनेक्श्चर सी असतं, पण त्यात कारण लिहा, समजावून सांगा, हेलपाटे आलेच.

---

हवालदार_क्लार्क

चांगला धागा. पण बँकेच्याही आधी एक काम येतं, पार्ट टू ऑर्डर. लग्न, मुलाचा जन्म, घरातला मृत्यू, नावातला बदल, यातली प्रत्येक गोष्ट पार्ट टू ऑर्डरने सर्व्हिस रेकॉर्डमध्ये चढते. तिथे नोंद नसेल तर फौजेच्या लेखी ते मूल जन्मलेलंच नाही. डिपेंडंट कार्ड, शिक्षण भत्ता, पुढे फॅमिली पेन्शन, सगळं या एका नोंदीवर उभं असतं. "सुट्टीवरून आल्यावर देतो कागद" म्हणत वर्षं निघून जातात.

आपल्या महाराष्ट्रातल्या घरांचं एक खास दुखणं आहे, ते सविस्तर लिहितो.

लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि पुष्कळ घरांत तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदलतात. मग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरं, आणि रेकॉर्ड ऑफिसात "वाइफ ऑफ" लावून चौथं. नवरा नोकरीत आहे तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. येतं ते पेन्शनच्या कागदांच्या वेळी. आता पेन्शनचं काम स्पर्श पोर्टलवर चालतं, आणि आधार, पॅन व रेकॉर्ड यांत एका अक्षराचा फरक असला तरी फाइल अडते.

सर्वात सोपा मार्ग असा की नाव बदलूच नका. माहेरच्या कागदांवर जे नाव आहे तेच लग्नाच्या दाखल्यावर आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये घाला. सासरी हाक काय मारायची ती मारा, कागदाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

बदलायचंच असेल किंवा बदलून झालं असेल तर क्रम सांभाळा. आधी महाराष्ट्र शासन राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. मग आधार, त्यानंतर पॅन, मग बँक, आणि या सगळ्यांच्या प्रती जोडून शेवटी पार्ट टू ऑर्डर. हा क्रम उलटा केलात तर प्रत्येक ठिकाणी "आधी दुसरीकडचं बदलून आणा" हेच ऐकावं लागतं.

मुलांच्या बाबतीत दोन ठिकाणी चुका होतात. पहिली स्पेलिंगची. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मराठी नाव बरोबर असतं, पण त्याचं इंग्रजी ऑपरेटरने मनाने टाईप केलेलं असतं. दवाखान्यातून कागद निघायच्या आधी ते स्पेलिंग आपण लिहून द्यायचं. दुसरी चूक आईच्या नावाची. पहिलं बाळंतपण माहेरी, दाखल्यावर आईचं माहेरचं नाव. दुसरं एमएचला (मिलिटरी हॉस्पिटल), तिथे सासरचं. एकाच आईची दोन मुलं कागदोपत्री दोन बायांची होतात.

जाता जाता नॉमिनेशन. भरतीच्या वेळी पोरगा अठरा-वीस वर्षांचा असतो, नॉमिनी म्हणून आई किंवा वडील लिहितो. लग्नानंतर बदलतं कोण? एजीआयचा (आर्मी ग्रुप इन्शुरन्स) विमा, जवानांचा एएफपीपी आणि ऑफिसरांचा डीएसओपी हे प्रॉव्हिडंट फंड, बँकेचं खातं, यांची नॉमिनेशन वेगवेगळी असतात. एक बदललं म्हणून बाकीची आपोआप बदलत नाहीत. कोणाचा किती हिस्सा हे घरात बसून ठरवा आणि निघण्याआधी प्रत्येकाची प्रत घरी ठेवा. विषय काढायला जड जातो, पण आईसमोर बायकोला आणि बायकोसमोर आईला माहीत असलेलंच बरं.

---

सुतळीदाभण

क्लार्कसाहेब, कागद तुमचे, पेट्या माझ्या.

काळ्या पत्र्याच्या ट्रंका अजूनही कार्टनपेक्षा भारी, कारण एक पेटी सात-आठ बदल्या सहज खाते. पेटी दोन माणसांना जिना चढवता आली पाहिजे, म्हणजे ४० किलोच्या आत. लोक फसतात पुस्तकांच्या पेटीत. पुस्तकं अर्धी पेटीच भरा आणि वर रजई, उशा कोंबा. अख्खी पेटी पुस्तकांनी भरली की कडीच्या बाजूचा पत्रा फाटतो.

नंबर झाकणावर टाकण्यात अर्थ नाही, ट्रकात एकावर एक पेट्या चढल्या की झाकण दिसत नाही. दोन्ही आखूड बाजूंवर पांढऱ्या ऑइल पेंटने टाका, १/२२, २/२२ असा. पूर्वी स्टेन्सिलने नंबर-रँक-नाव-युनिट सगळं रंगवायचे. आता नाव आणि पेटीचा नंबर पुरे, युनिट नको. यादी वहीत करा. "पेटी ९: हिवाळी कपडे, कुकर, देव" असं मोघम चालतं, पण कुलपाची किल्ली कुठली हे त्याच ओळीत हवं. यादीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

एक नंबरची पेटी सगळ्यात शेवटी भरायची आणि सगळ्यात शेवटी ट्रकात चढवायची, म्हणजे पोचल्यावर पहिली उतरते. तिच्यात पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, एक्स्टेंशन बोर्ड, दोन बल्ब, दोन कुलपं, लायटर, एक पातेलं, चहा-साखर, मगा, दोन चादरी, पडदे आणि पडद्याची स्प्रिंग. पडदे चैन म्हणून घालत नाही. क्वार्टर एकमेकांना चिकटून असतात, पहिल्या रात्री तीच पहिली गरज. आणि प्रत्येक स्टेशनवर खिडकीचं माप निराळं, म्हणून पडदे शिवताना खाली सहा इंच दुमड ठेवा, उसवली की लांब.

काचेच्या बशा आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या लावा. आडव्या रचल्या की खड्ड्यात सगळ्यांचं वजन खालच्या बशीवर येतं. डांबराच्या गोळ्या फडक्याच्या पुरचुंडीत, फक्त कपड्यांच्या पेटीत. प्लॅस्टिकच्या डब्यांजवळ ठेवल्या तर डबे चिकट होतात आणि वास कायमचा बसतो. पावसाळ्यात निघायचं असेल तर पेटीच्या आत आधी जाड प्लॅस्टिक अंथरा, सामान भरून वरून दुमडा. पाणी झाकणाच्या बिजागरीतून शिरतं, खालून नाही. आणि धान्य, पीठ, डाळी नेऊच नका. एक फुटलेली पिशवी उंदरांना सगळ्या पेट्यांचा पत्ता देते.

---

प्रश्नचिन्ह

@सुतळीदाभण फ्रीज आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीन नेण्यासारखं आहे का? पहिलीच बदली आहे. लोक म्हणतात विकून टाका.

---

सुतळीदाभण

मशीन न्या, पण ट्रान्झिट बोल्ट घरात आहेत का बघा. मशीन नवीन आलं तेव्हा मागच्या बाजूचे तीन किंवा चार लांब बोल्ट काढून तुमच्या हातात दिले असतील. ते परत लावल्याशिवाय फ्रंट लोड हलवायचं नाही. आतला ड्रम स्प्रिंगांवर लटकलेला असतो, ट्रकच्या हादऱ्याने शॉक ॲब्सॉर्बर तुटतात आणि पुढे स्पिनला मशीन घरभर चालत जातं. हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरकडून मागवा. पोचल्यावर मशीन चालू करायच्या आधी ते काढायला विसरू नका, ही चूक तितकीच महाग. पाइपातलं आणि खालच्या फिल्टरमधलं पाणी काढून घ्या.

फ्रीज निघण्याच्या एक दिवस आधी बंद करून दार उघडं ठेवा, मागच्या ट्रेमधलं पाणी ओता. ट्रकात उभाच न्यायचा. पोचल्यावर तीन-चार तास तसाच राहू द्या, मग चालू करा. वाटेत आडवा केला असेल तर पूर्ण दिवस थांबा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली यायला वेळ लागतो.

टीव्ही नेहमी उभा, दोन गाद्यांच्या मध्ये. सपाट ठेवला की पॅनेल स्वतःच्या वजनाने तडकतं. इन्व्हर्टरची बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर जिथल्या तिथे एक्स्चेंजला द्या. ॲसिड सांडलं तर शेजारची पेटी आणि तिच्यातले कपडे दोन्ही जातात.

---

हवालदार_क्लार्क

सामानाचं निघालंच आहे तर हक्क किती ते सांगतो. पे लेव्हल ४ पर्यंत म्हणजे शिपाई आणि नाईक यांना १,५०० किलो, लेव्हल ५ म्हणजे हवालदाराला ३,००० किलो, लेव्हल ६ पासून वर म्हणजे नायब सुभेदारापासून ६,००० किलो. त्याशिवाय कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट (बदलीचं एकरकमी अनुदान), मूळ पगाराच्या ८० टक्के.

फील्डला कुटुंब नेता येत नाही, तेव्हा कुटुंब राहण्यासाठी जे ठिकाण निवडता तिथपर्यंतचा कुटुंबाचा प्रवास आणि सामान हक्कात बसतं. पण ते ठिकाण लेखी कळवून नोंदवलेलं हवं. तोंडी सांगून नंतर क्लेम टाकला की तो ऑब्जेक्शनसह परत येतो. एचआरएसुद्धा (घरभाडे भत्ता) याच निवडलेल्या ठिकाणावर ठरतो. "आधी गावी जाऊ, मग बघू" असं केलंत तर पुण्यात भाडं भराल आणि एचआरए गावाच्या दराने घ्याल.

बिल्टी (माल ट्रकात चढवल्याची पावती), वजनपावती, ट्रान्सपोर्टरचं जीएसटी बिल, तिन्ही मूळ प्रती सांभाळा. क्लेमची मुदत प्रवास संपल्यापासून ६० दिवसांची धरून चाला. आणि कोणी कोरं बिल देऊ करत असेल तर हात जोडून नाही म्हणा. वजनकाट्याच्या पावत्या पडताळल्या जातात.

---

केव्ही_आई

शाळेचं लिहिते.

एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जात असाल तर वडिलांच्या बदलीवर केव्हीचा टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) असला की प्रवेश मिळतो, जागा रिकामी आहे का बघत बसावं लागत नाही. नव्याने पहिलीला घालायचं असेल तर प्राधान्य ठरतं मागच्या ७ वर्षांतल्या बदल्यांच्या संख्येवर. बदली मोजली जायला दोन अटी आहेत, दोन ठिकाणांत किमान २० किलोमीटर अंतर आणि एका ठिकाणी किमान ६ महिने मुक्काम. सर्टिफिकेट युनिटकडून येतं, कमांडिंग ऑफिसरच्या सहीशिक्क्याचं. सही निघण्याआधीच घ्या. नंतर टपालाने मागवायचं म्हटलं की महिना जातो आणि प्रवेशाची तारीखही. पहिलीला ६ वर्षं पूर्ण लागतात.

दाखला हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नका. जुन्या शाळेने यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं पाहिजे, तरच नवी शाळा त्याच पेन नंबरवर (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) त्याला आपल्याकडे ओढून घेऊ शकते. जुन्या शाळेच्या ऑफिसात बसून ते डोळ्यांदेखत करून घ्या. दोन हजार किलोमीटरवरून त्या शाळेचा फोन उचलला जात नाही.

नववी आणि अकरावी सुरू करताना पुढची दोन वर्षं बघा. सीबीएसईत दहावी-बारावीत मध्येच शाळा बदलता येते, कारण पालकांची बदली हे मान्य कारण आहे. पण विषयांची जोडी नव्या शाळेत असेलच असं नाही. नववीला तिसऱ्या भाषेचं किंवा एखाद्या कौशल्य विषयाचं हौशीने काही घेतलंत तर दहावीला तो विषय शिकवणारं कोणी नसतं. माझं स्पष्ट मत, मूल नववीत जात असेल तर फील्डचा काळ गाठून एसएफ क्वार्टर घ्या आणि दहावी होईपर्यंत हलू नका.

शिक्षण भत्ता १ जानेवारी २०२४ पासून दर मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे, पहिल्या दोन मुलांसाठी. वर्षाअखेरीस शाळेच्या मुख्याध्यापकांचं सर्टिफिकेट लागतं. त्याचा नमुना युनिटकडून आधीच आणून शाळेत द्या, नाहीतर शाळा आपल्या मनाने बोनाफाइड देते आणि ते चालत नाही.

बारावीनंतर महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला डिफेन्स कोटा आहे. डेफ-१ महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांना, डेफ-२ तसाच अधिवास असलेल्या सेवेतल्यांच्या मुलांना, डेफ-३ बाहेरच्या राज्यातल्या पण महाराष्ट्रात बदलीवर आलेल्यांच्या मुलांना. आपल्या बहुतेकांच्या कामाचा डेफ-२. त्यासाठी वडिलांचं डोमिसाइल हवं. ते तहसीलमधून सुट्टीत काढून ठेवा, बारावीच्या जूनमध्ये रांगेत उभं राहून नको.

---

सातारारोड

गॅसचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही एजन्सीला परत करा, डिपॉझिट परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्या. नव्या ठिकाणी ते दाखवून नवं डिपॉझिट भरून कनेक्शन मिळतं. शेगडी आणि नळी तुमची. नळीवर पाच वर्षांची तारीख असते, ती बघून न्या. सिलिंडर शेजाऱ्यांना देऊन जाऊ नका, नाव तुमचंच राहतं आणि पुढच्या शहरात सिस्टीम नवीन कनेक्शन देत नाही.

---

देवळाली_कॅम्प

दवाखान्याबद्दल एक गैरसमज फार आहे. ईसीएचएस ही आरोग्य योजना निवृत्तांसाठी. सेवेत असलेल्याच्या कुटुंबाने एमएचलाच जायचं, आणि तिथे सोय नसेल तर एमएच रेफर करतं. पुणे कमांड हॉस्पिटल, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, कामठी, मुंबईत नौदलाचं अश्विनी, गोव्यात नौदलाचंच जीवंती. यातलं आपल्याला जवळचं कोणतं ते आत्ताच ठरवा आणि ओपीडीत एकदा कार्ड दाखवून नोंद करून या. गावी राहणाऱ्यांनी तर नक्कीच. अचानक खाजगी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर त्याच दिवशी जवळच्या एमएचला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच नसेल तर पुढे बिल मागताना बोलायला जागा राहत नाही.

सासू-सासऱ्यांचं डिपेंडंट कार्ड वेगळं, त्यांच्या उत्पन्नाची अट असते. सासरे स्वतः पेन्शनर असतील तर आधी विचारा.

---

तिळाची_वडी

आता माझा आवडता विषय. ५६ एपीओला (आर्मी पोस्ट ऑफिस) फराळ.

खाजगी कुरिअर एपीओला पोचवत नाही. टपाल खात्याचं पार्सल किंवा स्पीड पोस्ट, हे दोनच. पत्त्यात नंबर, रँक, नाव, युनिट, "मार्फत ५६ एपीओ" किंवा "मार्फत ९९ एपीओ", आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. गावाचं, जिल्ह्याचं, डोंगराचं नाव अजिबात लिहायचं नाही. ५६ ची टपाल दिल्लीच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसातून वाटली जाते, ९९ ची कोलकात्याच्या. म्हणून पिन चुकला तर पार्सल देशाच्या दुसऱ्या टोकाला फिरून येतं. दिवाळीच्या तीन आठवडे आधी पोस्टात टाका. राखीचं पाकीट तसंच.

काय टिकतं: शंकरपाळे, कडक शेव, बेसनाचे लाडू, भाजक्या पोह्यांचा चिवडा, कारळ्याची चटणी. काय नाही: ओल्या नारळाचं काहीही, करंज्या, पाकातले रव्याचे लाडू, तेलातलं लोणचं. सुक्या खोबऱ्याचे काप चिवड्यात दिसायला छान, पण तीन आठवड्यांत खवट होतात आणि अख्खा चिवडा घेऊन बुडतात. त्याऐवजी डाळं वाढवा. पातळ पोह्यांचा चिवडा पोचेपर्यंत भुगा होतो.

शंकरपाळ्यांना एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी पाणी, मावेल तेवढा मैदा, साधारण पाच वाट्या. घरच्यासाठी दूध घालतो, पार्सलच्या शंकरपाळ्यांना नाही. पाण्यातले जास्त टिकतात. मंद आचेवर आतपर्यंत तळा. वरून लाल झाले आणि आत ओलावा राहिला की आठ दिवसांत मऊ. बेसनाच्या लाडवांना अर्धा किलो जाडसर बेसन आणि पाव किलो तूप. थंडीच्या ठिकाणी जाणार असतील तर लहान वळा, लिंबापेक्षाही लहान. तूप गोठून ते दगडासारखे होतात आणि मोठा लाडू फोडायला मग शब्दशः हातोडी लागते.

पॅकिंग: फराळ रात्रभर उघड्यावर पूर्ण गार होऊ द्या. कोमट भरला की पिशवीत वाफ धरते. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड प्लॅस्टिक पिशव्या, आतली हवा हाताने पूर्ण दाबून काढा, मग मेणबत्तीवर करवतीचं पातं धरून तोंड चिकटवा. हवा काढायची ती उंचीमुळे. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे बाहेरचा दाब कमी होतो आणि खाली भरलेली फुगीर पिशवी तिथे फुग्यासारखी ताणून शिवणीवर फुटते. बाजारातली वेफरची पाकिटं वर गेल्यावर टम्म दिसतात ती याचमुळे.

पिशव्या प्लॅस्टिकच्या बरणीत, रिकाम्या जागेत कागद कोंबून. बरणी खोक्यात. खोकं मांजरपाटात शिवा, दाभण आणि जाड दोरा. पत्ता कापडावरच मार्करने लिहा, चिकटवलेला कागद निघून जातो. पत्त्याचा एक कागद आतही ठेवा. एकाच दहा किलोच्या खोक्यापेक्षा चार-चार किलोची दोन करा. पुढचा शेवटचा टप्पा कोणाच्या तरी पाठीवर होतो.

आणि एक, फराळ एकट्यासाठी पाठवू नका. तिथे डबा उघडतो तो सगळ्या बराकीसाठी.

---

काळी_पेटी

@तिळाची_वडी, चकली?

---

तिळाची_वडी

उभ्या गोल डब्यात एकावर एक रचून, मध्ये कागद. निम्म्या तुटतात, चव तीच.

---

बांधावरून

शेती असणाऱ्यांसाठी. जमीन फौजीच्या नावे आणि तो फील्डवर, तर ई-पीक पाहणी घरातल्या कोणीही ॲपवर शेतात उभं राहून करू शकतं, खाते क्रमांक हवा. मुदत चुकली की सातबारावर पीक पडीक दिसतं आणि विमा, नुकसानभरपाई दोन्ही अडतं.

पीएम किसानचे पैसे सेवेत असलेल्या फौजीच्या घराला मिळत नाहीत, कारण केंद्र सरकारचे कर्मचारी त्यातून वगळलेले आहेत. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुलं, म्हणून बायकोच्या नावे घेतले तरी नंतर वसुली येते. आई-वडिलांच्या स्वतःच्या नावची जमीन असेल तर त्यांचं वेगळं.

फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. भाऊबंदकीचं वाटप नेमकं माणूस बाहेर असताना निघतं, हा गावोगावचा अनुभव. त्यासाठी एका ठरावीक कामापुरतं खास मुखत्यारपत्र करून ठेवा, "महसुली कामं, हरकती, नोटिसा स्वीकारणे" असं स्पष्ट लिहून. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र सख्ख्या भावालाही देऊ नये. कोर्टात दावा पडलाच तर इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, १९२५ आहे. खास परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा त्याखाली पुढे ढकलता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, तिथे बसलेले लोक स्वतः माजी सैनिक असतात.

---

दोन_चाकी

गाडीसाठी बीएच नंबर (भारत सिरीज, राज्य बदललं तरी चालणारा). सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे, सेवेतल्यांना ओळखपत्रावर मिळतो. कर १५ वर्षांचा एकदम भरायचा नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा. १० लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के, १० ते २० लाखांना १०, वर १२, डिझेलला २ टक्के जास्त. दर बदलीला एनओसी, नवं पासिंग, जुन्या राज्यातून कराचा परतावा, ही कटकट संपते.

---

सातारारोड

थोडी असहमती. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली आणि गाडी गावीच राहणार, तर एमएच नंबरच बरा. दोन वर्षांनी कर भरायची आठवण फील्डवर कोणाला राहते? उशीर झाला की दिवसाला १०० रुपये दंड.

---

दोन_चाकी

मान्य. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने. मोटरसायकल रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करा, आरसी आणि विम्याची प्रत द्या, आरसे काढून पेटीत टाका आणि हँडल व टाकी गोणपाटाने शिवून घ्या. मोठ्या स्टेशनवर एमसीओ ऑफिस (फौजींच्या रेल्वे प्रवासाची सोय बघणारं) असतं, आधी तिथे विचारा.

---

हवालदार_क्लार्क

मतदानाचं राहिलं. सर्व्हिस व्होटर म्हणून नाव फॉर्म २ ने युनिटमार्फत नोंदतात, मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते आणि टपालाने परत येते. बायको बरोबर राहत असेल तर तीही सर्व्हिस व्होटर होऊ शकते. एसएफ क्वार्टरमध्ये किंवा गावी राहत असेल तर तिने आपलं नाव राहत्या ठिकाणी साध्या मतदाराप्रमाणे नोंदवायचं. दोन्हीकडे नाव ठेवू नका.

---

प्रश्नचिन्ह

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढली. आता क्वार्टर सोडताना मार्चिंग आउटला काय बघतात?

---

सुतळीदाभण

आत येताना जी इन्व्हेंटरी सही करून घेतली, ती हातात घेऊन एमईएसचा (क्वार्टरची देखभाल करणारं फौजी खातं) माणूस खोलीखोलीतून फिरतो. पंखे, गीझर, नळ, काचा, खिडकीच्या कड्या, सगळं मोजतो. त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतः तीच यादी घेऊन फिरा. फुटलेली काच बाहेरून दोनशे-तीनशेत बसते, यादीत चढली की डॅमेज म्हणून पगारातून कापली जाते. भिंतीतले खिळे उपटून भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवा. वीज मीटरचं रीडिंग त्याच्यासमोर लिहून दोघांच्या सह्या घ्या. नो ड्यूज हातात आल्याशिवाय ट्रक हलवू नका.

आणि गीझरचा नंबर ताडून बघा. मधल्या काळात एमईएसने बदलून दिला असेल तर यादीत अजून जुनाच नंबर असतो. बदलल्याची कम्प्लेंट स्लिप कुठल्या पेटीत गेली ते शोधत बसू नका, ती पेटी नंबर एकमध्येच ठेवा.